धरलेली मान आणि पहिले चार दिवस

मान धरलेल्या माणसाला सल्ल्यांची कधी वाण पडत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझी मान आणि उजवा खांदा धरला, तेव्हा संध्याकाळपर्यंत घरात पाच उपाय हजर होते. सासूबाईंनी माझी उशी गच्चीवर उन्हात टाकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “उसण भरलीय गं. आमची धाकटी जाऊ पायाळू आहे, तिला बोलावते. तिचा पाय लागला की जाईल.” दिरांनी सलूनवाल्याचं नाव काढलं, “एकच झटका देतो वहिनी. कडकन आवाज येतो आणि मान मोकळी!” मुलाने मोबाइलवर व्यायामाचा व्हिडिओ लावून दिला. ह्यांनी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पट्टी आणली. सगळ्यांना माझी काळजीच होती. पण या पाचांत काही निरुपद्रवी होते, काही जपून वापरले तर उपयोगी आणि एक जिवावर बेतू शकेल असा. कोणता कुठल्या रांगेत बसतो ते मला पुढच्या काही आठवड्यांत कळत गेलं. ज्यांची मान उद्या धरणार आहे, त्यांच्यासाठी ते लिहून ठेवते.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मार्च महिना म्हणजे दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पलंगावर मांडी घालायची, पुढ्यात गठ्ठा घ्यायचा आणि मान खाली घालून तासन्‌तास तपासत राहायचं. ते काम संपतं न संपतं तोच पापड-कुरडयांचे दिवस आले. स्टुलावर चढून, मान मागे टाकून, उजव्या हाताने माळ्यावरचा पितळी डबा ओढला, तेव्हा खांद्याच्या फऱ्यापाशी बारीकशी सणक गेली. डबा खाली ठेवला आणि कामाला लागले. रात्री कूस बदलताना जाग आली. सकाळी मान उजवीकडे वळेना. कुणी हाक मारली की अख्खं अंग वळवून बघायचं, दात घासताना चूळ भरायला वाकता येईना, आणि केसांना फणी लावायला हात वर जाईना.

दुखतं मानेत की खांद्यात?

दोन्हीकडे, आणि त्याला कारण आहे. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्याला जोडलेला एक स्नायू असतो. तो फरा वर उचलतो आणि मान वळवायलाही मदत करतो. त्याच्यावर ट्रॅपिझियस हा मोठा स्नायू कवटीच्या मागच्या बाजूपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीपर्यंत पसरलेला. यांपैकी एकाचे काही तंतू ताणले किंवा तुटले की आजूबाजूचे स्नायू त्या जागेची हालचाल थांबवण्यासाठी आखडतात. एखाद्या घरी दुखणं आलं म्हणून गल्लीतले सगळे धावून यावेत आणि दारातच गर्दी करून बसावेत, तसं होतं. मूळ इजा लहान असते, त्रास या गर्दीचा जास्त असतो.

ही इजा त्या पितळी डब्याने एकट्याने केली नव्हती. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. मान सरळ असली की हा भार मणक्यांवर नीट तोलला जातो. मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना तो ओढून धरावा लागतो. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये गणिती प्रारूपावरून याचा अंदाज मांडला. मान 15 अंश झुकली तर मणक्यावर सुमारे 12 किलोचा भार येतो, 60 अंश झुकली तर सुमारे 27 किलोचा. हा आकडा प्रत्यक्ष माणसात मोजलेला नाही, पण कल कोणत्या दिशेला आहे ते त्यातून दिसतं. मोबाइल आला म्हणून हे दुखणं आलं, असंही नाही. सुश्रुतसंहितेत मन्यास्तंभाच्या, म्हणजे मान धरण्याच्या, कारणांत दिवसा झोपणं, वेडंवाकडं बसणं-उभं राहणं आणि मान वर करून बघत राहणं सांगितलंय. गठ्ठे तपासणारी मास्तरीण आणि माळ्यावरचा डबा दोन्ही त्यात बसतात.

गळ्यातला पट्टा

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात गेले. मान वाकवून-वळवून न तपासताच एक्स-रे निघाला. “मणक्यात गॅप आहे, मानेचा बाकही सरळ झालाय. तीन आठवडे पट्टा लावा, मान अजिबात हलवू नका,” असं सांगण्यात आलं. मी सांगितलं तसं केलं. पहिले दोन दिवस पट्ट्याने बरं वाटलं. आठवडा उलटला तरी मान सुटली नाहीच, उलट खांदाही जड झाला. पट्टा काढला की डोकं पेलवत नाहीसं वाटे, आणि या धास्तीने मी तो झोपतानाही काढेनाशी झाले.

शाळेतल्या एका बाईंनी आपल्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या ताईंनी आधी हातातली ताकद, बोटांतली संवेदना, चालणं हे सगळं तपासलं. मग विचारलं, “तुम्हाला दुखण्याची भीती वाटते की मणका तुटेल याची?” मी म्हटलं, “मणक्याची.” त्यांनी समजावलेल्या गोष्टीने माझी अर्धी मान तिथेच सुटली. एक्स-रेत मणक्यांमधली जागा कमी दिसणं, कडा वाढलेल्या दिसणं हे वयाबरोबर बहुतेकांना होतंच. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या 1211 माणसांचे एमआरआय काढले गेले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 87.6 टक्के जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या थोड्याफार फुगलेल्या दिसल्या, आणि विशीतल्या बहुतेकांच्याही. म्हणजे अहवालात काहीतरी लिहिलेलं सापडणारच. तेच आजच्या दुखण्याचं कारण आहे, असं त्यावरून ठरत नाही. मानेचा बाक कमी दिसणं तर आखडलेल्या स्नायूंमुळे किंवा एक्स-रेच्या वेळी मान कशी धरली होती त्यावरूनही होतं.

पट्टा हा अपघातात, मणक्याला इजा असल्याची शंका असताना अत्यावश्यक असतो. साध्या लचकेत तो फार वेळ घातला तर स्नायू आळसावतात आणि आखडलेपण वाढतं. कुणी पट्टा सुचवलाच तर विचारा, कशासाठी, किती तास आणि कधी काढायचा.

पहिल्या चार दिवसांत

हलवत राहा. हेच मुख्य, बाकी सगळं त्याला मदत. दर तास-दोन तासांनी बसल्या जागी मान हळूच उजवीकडे, मग डावीकडे वळवायची. जिथे ओढ जाणवते तिथवर जायचं, सणक मारते तिथवर नाही. मग कान खांद्याकडे झुकवायचा, खांदा कानाकडे उचलायचा नाही. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्यायची आणि सोडायची. दोन्ही फरे एकमेकांकडे ओढायचे, सैल सोडायचे. प्रत्येक प्रकार पाच-सात वेळा पुरे. मान गरागरा गोल फिरवायची नाही. मुलाने लावलेल्या व्हिडिओत नेमकं तेच होतं. हाताची हालचालही थांबवायची नाही, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण मधुमेहींत खांदा आखडून बसण्याचं प्रमाण जास्त असतं.

शेक उपयोगी आहे. तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, निर्गुडीचा पाला, जे घरात असेल ते. पंधरा-वीस मिनिटं, मध्ये कापड ठेवून, आणि शेकल्यावर लगेच वरचे व्यायाम. पहिल्या दिवशी बर्फाने बरं वाटत असेल तर बर्फ घ्या. दोन्हींनी दुखणं कमी होतं, इजा लवकर भरते असं नाही. मलम चोळून त्यावर शेकू नका, कातडी भाजते. ज्यांना मधुमेहामुळे बधिरपणा आहे त्यांनी शेक दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावा.

गोळ्यांची पट्टी आधी वाचा. दुकानात मिळणाऱ्या अशा पट्टीत बहुधा एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात: पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक किंवा तसं काही, आणि वर स्नायू सैल करणारं एखादं. त्यावर तापाची म्हणून आणखी गोळी घेतली तर पॅरासिटामॉल दुप्पट होतं. मोठ्या निरोगी माणसाला दिवसाला 4 ग्रॅमची वरची मर्यादा, आणि यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर त्याहून बरीच कमी. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गर्भारपण असेल तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. थायोकोल्चिकोसाइड हे आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं औषध. युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये त्याच्या गोळ्या सात दिवसांपलीकडे नकोत, सोळा वर्षांखालच्यांना आणि गर्भवतींना नकोत, असं बजावलंय. स्नायू सैल करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. गोळी घेऊन दुचाकी काढायची नाही. गोळी घेतली नसली तरी मान वळवून मागची गाडी बघता येत नाही तोवर रिक्षाच बरी.

झोपताना पालथं झोपणं टाळा. कुशीवर झोपत असाल तर कान आणि खांदा यांच्यातली जागा भरेल इतकी जाड उशी, उताणं झोपत असाल तर पातळ. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताचा रेटा देऊन उठा. सासूबाईंची उन्हात तापलेली उशी निरुपद्रवी होती. ऊबदार उशीवर मान टेकली की बरंही वाटतं.

झटका नकोच

काकूंच्या जावेने पाय लावला असता तर मला फार तर हसू आलं असतं. सलूनमधला झटका मात्र वेगळा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. मान जोरात पिळली किंवा बराच वेळ मागे टाकून ठेवली तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि अर्धांगाचा झटका येऊ शकतो. 1993 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात केस धुताना बेसिनवर मान मागे टाकल्याने असं झालेल्या पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून डॉक्टर याला पार्लरचा पक्षाघात म्हणतात. असं क्वचितच घडतं हे खरं. पण जी मान बहुतेकांत आठवड्या-दोन आठवड्यांत आपणहून सुटते, तिच्यासाठी एवढी जोखीम कशाला? तेल लावून हलक्या हाताने खांदा चोळून घ्यायला हरकत नाही. मानेवर जोर नको, आणि कडकन आवाज तर नकोच.

दुखणं स्नायूचं नसेल तर

हा भाग सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. डाव्या खांद्यात, मानेत, जबड्यात दुखतंय आणि सोबत छातीवर दाब, घाम, धाप किंवा मळमळ आहे, तर ती लचक समजू नका. 108 ला फोन करा. मधुमेही आणि स्त्रियांत छातीतलं दुखणं कधीकधी ठळक नसतं, हेही लक्षात ठेवा. स्नायूचं दुखणं मान किंवा हात हलवला की बदलतं. हृदयाचं दुखणं सहसा हालचालीने बदलत नाही, श्रमाने वाढतं. शंका असेल तर घरी पारखत बसू नका.

ताप, डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकत नाही, उजेड सहन होत नाही, तर मेंदूज्वराची शंका घेऊन त्याच क्षणी रुग्णालय गाठा. मानेत पूर्वी कधी न झालेली कळ आणि पाठोपाठ चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, तरीही तेच. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखत असेल तर तपासणी होईपर्यंत हलवू नका. वर सांगितलेले व्यायाम त्यासाठी नाहीत. हातातून वस्तू सुटतात, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. रात्री जास्त दुखतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, किंवा पूर्वी क्षय वा कर्करोग झालाय, तर मणक्यांचा क्षय आणि इतर आजार तपासून घ्यायला हवेत. आणि तरुण मुलाची मान उलटीची गोळी घेतल्यावर अचानक एका बाजूला पिळली तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. गोळीची पट्टी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा, इंजेक्शनने ते सहसा लगेच उतरतं.

यातलं काहीच नसेल आणि तरी दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, किंवा कळ कोपराखाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

माझी मान पट्टा सोडून हलवायला लागल्यावर हळूहळू सुटली. आता गठ्ठा मांडीवर नसतो, टेबलावर उतरत्या फळीवर असतो, आणि एका विद्यार्थ्याचा पेपर झाला की मी उठून पाणी पिऊन येते. डबे माळ्यावरून कमरेच्या उंचीच्या फडताळात आलेत. घरच्यांना एवढंच सांगणं: मान धरलेल्या माणसाला मदत करायची तर पाण्याची बादली उचला, वरचा डबा काढून द्या, शाळेत रिक्षाने सोडा. मान मात्र ज्याची त्याला हलवू द्या.