वारज्याची टेकडी आणि यंत्राच्या डोळ्यांतील निसर्ग

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, मुठा नदी आणि मुंबई-बंगळूर महामार्ग यांच्या सान्निध्यात वसलेले वारजे हे एकेकाळचे खेडे आज महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. या उपनगरातील वन विभागाची एक टेकडी दीर्घकाळ उजाड होती. २०१५-१६ मध्ये तिच्या १६.८ हेक्टर क्षेत्रावर वृक्षलागवडीचे काम हाती घेण्यात आले आणि अवघ्या काही वर्षांत तेथे हिरवे वन उभे राहिले. ५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी देशातील २०० शहरांसाठी 'नगर वन' योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचेच उदाहरण आदर्श म्हणून देशापुढे ठेवण्यात आले. त्या वेळी प्रसृत झालेल्या शासकीय माहितीनुसार या वनात २३ प्रकारच्या वनस्पती, २९ प्रकारचे पक्षी, १५ प्रकारची फुलपाखरे, १० प्रकारचे सरपटणारे प्राणी आणि ३ प्रकारचे सस्तन प्राणी यांची नोंद होती.

तो समारंभ महासाथीच्या दिवसांतला. तो दूरदृश्य पद्धतीने पार पडला आणि साहजिकच पुण्याबाहेरील लोकांना या वनाची ओळख झाली ती पडद्यावरूनच. निसर्ग प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी तो पडद्यावर पाहणे ही आता शहरवासीयांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. याच प्रवृत्तीचे एक नवे आणि विलक्षण रूप म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निसर्ग साकारणारी कलाप्रदर्शने होत.

दालनातील अरण्य

अशा प्रदर्शनात चौकटीत बसविलेली चित्रे भिंतीवर टांगलेली नसतात. दालनाच्या भिंती हाच पडदा असतो. क्वचित जमीन आणि छतही. प्रेक्षक चित्रासमोर उभा राहत नाही, चित्राच्या आत शिरतो. महाराष्ट्रातील रसिकांना या प्रकाराचा काहीसा परिचय जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या जागतिक व्यापार केंद्रात झालेल्या व्हॅन गॉगच्या चित्रांच्या प्रदर्शनातून झाला. परंतु तेथे भिंतींवर फिरत होती ती एका चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात रंगविलेलीच चित्रे, प्रचंड मोठी करून. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रदर्शनाची गोष्ट निराळी आहे. तेथे दिसणारे चित्र पूर्वी कोणी काढलेले नसते.

या क्षेत्रातील सर्वांत चर्चिले गेलेले नाव म्हणजे इस्तंबूल येथे जन्मलेले आणि अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे काम करणारे कलावंत रेफिक अनादोल. १६ फेब्रुवारी ते ७ एप्रिल २०२४ या काळात लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात त्यांचे 'पृथ्वीचे प्रतिध्वनी' अशा अर्थाच्या नावाचे प्रदर्शन भरले होते. वर्षावने आणि प्रवाळांच्या वसाहती हे त्याचे विषय. त्यासाठी अनादोल यांच्या कार्यशाळेने केवळ निसर्गाच्या सामग्रीवर शिकविलेली एक संगणकीय प्रणाली उभारली. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था आणि लंडनचे निसर्गेतिहास संग्रहालय यांसारख्या संस्थांचे संग्रह, तसेच वर्षावनांत प्रत्यक्ष जाऊन टिपलेली छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि लेसर किरणांनी घेतलेली मोजमापे ही या प्रणालीची शिदोरी होती.

हे यंत्र शिकते कसे, हे समजून घेणे आवश्यक आहे. एक जुनी, पण समजण्यास सोपी पद्धत २०१४ मध्ये इयान गुडफेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तीत दोन प्रणाली एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात. एक नकला करते, दुसरी पारख करते. नकला करणारी प्रणाली फुलाचे चित्र तयार करते; पारखणारी ते खऱ्या छायाचित्रांशेजारी ठेवून खरे की खोटे ते ठरविते. चूक पकडली गेली की पहिली स्वतःत सुधारणा करते, आणि नक्कल सुधारली की दुसरीची पारखही अधिक बारीक होते. लाखो वेळा हे घडल्यावर पहिल्या प्रणालीने काढलेले फूल खऱ्या फुलापासून ओळखता येईनासे होते. पुढे याहून प्रगत पद्धती आल्या. तत्त्व मात्र कायम आहे: यंत्र एकही फूल पाठ करीत नाही, फुले सामान्यतः कशी असतात याचा अदमास ते बांधते आणि त्या अदमासातून नवे फूल घडविते.

म्हणूनच अशा दालनात उमलणारे फूल कोणत्याही रानात सापडणार नाही.

फाळके यांचे रोप

यंत्राच्या डोळ्याने निसर्ग पाहण्याची ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. कथाचित्रासाठी भांडवल मिळविणे अवघड होते. हे नवे यंत्र काय करू शकते, हे सावकाराला पटवून देणे भाग होते. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर रोवून महिनाभराहून अधिक काळ नित्यनेमाने रोपाची चित्रे टिपली. ती सलग दाखविताच कोंब मातीतून वर आला, पाने फुटली आणि पाहता पाहता वेल डोलू लागला. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटाने पाहणारे थक्क झाले, पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

भारतीय चित्रपटाच्या उदयापूर्वी कॅमेऱ्यासमोर उभे होते ते एक वाटाण्याचे रोप, ही गोष्ट एरवी गमतीची म्हणून सांगितली जाते. येथे तिचे महत्त्व वेगळे आहे. फाळके यांच्या यंत्राने काळ आखडला, पण रोप खरे होते. मानवी डोळ्याला न दिसणारी, तरीही प्रत्यक्ष घडलेली गोष्ट त्याने दाखविली. आजचे यंत्र याच्या पुढे एक पाऊल टाकते आणि न घडलेली गोष्ट दाखविते. त्यात वावगे काही नाही. कलावंत हे नेहमीच करीत आला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत छतापर्यंत पसरलेली कमळे, हंस आणि वेली यांनी भाविकाला चारी बाजूंनी वेढले, तेही कल्पनेनेच. पण अजिंठ्याचा हंस पाहून कोणी पक्ष्यांची गणना केली नाही. छायाचित्रासारखे हुबेहूब दिसणारे चित्र मात्र पुरावा म्हणून स्वीकारले जाण्याचा संभव असतो. धोका आहे तो येथे.

गणना आणि कल्पना

तेच तंत्र सत्यशोधनासाठीही राबविता येते, याचे उत्तम उदाहरण भारतातच आहे. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी १,२१,३३७ चौरस किलोमीटर क्षेत्रातून ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघाची होती ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७. उरलेल्या कोट्यवधी चित्रांत इतर प्राणी, माणसे, गुरे आणि नुसते हलणारे गवत. हा ढीग माणसांनी निवडायचा म्हटला असता तर वर्षे लोटली असती. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या संगणक प्रणालीने प्राण्यांनुसार त्याची वर्गवारी केली आणि पट्ट्यांच्या ठेवणीवरून वाघ वेगवेगळे ओळखण्यासही संगणकाची मदत झाली. त्या गणनेत महाराष्ट्रातील वाघांची संख्या ३१२ अंदाजण्यात आली.

व्याघ्रगणनेतील यंत्र चुकले तर वन अधिकारी ते ताडून पाहू शकतो. प्रदर्शनातील यंत्राला चूक हा शब्दच लागू होत नाही. दोहोंच्या मागील गणित मात्र एकाच घराण्यातले आहे आणि प्रदर्शन पाहणाऱ्या शाळकरी मुलांना हा भेद प्रवेशद्वाराशीच सांगितला जाणे इष्ट ठरेल.

यंत्राला काय दाखविले आहे?

यंत्र जे पाहते त्यावरूनच शिकते. म्हणून त्याच्या शिदोरीत काय आहे, हा प्रश्न कलेइतकाच महत्त्वाचा आहे. सदाहरित वर्षावनांच्या चित्रांवर पोसलेल्या प्रणालीच्या दृष्टीने अरण्य म्हणजे ओलसर, गर्द आणि बारमाही हिरवे. पुणे परिसरातील टेकड्यांची प्रकृती तशी नाही. येथील मूळचे रान पानगळीचे आणि गवताळ. उन्हाळ्यात कांडोळ आणि सालई निष्पर्ण उभी असतात, गवत पिवळे पडून वाळते, आणि पळस फुलतो तो पाने गळाल्यावर. अनभिज्ञ माणसाला असे रान मेलेले वाटते आणि म्हणून ते ओसाड जमीन ठरते. टेकड्यांवर अतिक्रमणे होण्यामागे हा गैरसमजही थोडाबहुत कारणीभूत आहे. वर्षावनांवर शिकलेल्या यंत्राने हाच गैरसमज भव्य रूपात भिंतींवर झळकविला, तर पुण्याच्या टेकड्यांचे त्यात नुकसानच आहे.

वास्तविक या प्रदेशाची सामग्री तुटपुंजी नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. वन खात्यात आयुष्य घालविलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची आणि झाडांची नावे रानात वावरणाऱ्या लोकांच्या तोंडून गोळा करून मराठीत आणली. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी जतन केलेले शब्द यंत्राला ज्ञात नसतील, तर त्या शब्दांमागचे निरीक्षणही त्याला ज्ञात असणार नाही.

सामग्रीबरोबर मालकीचाही प्रश्न येतो. अनादोल यांनी २०२३ मध्ये ब्राझीलमधील यावानावा या आदिवासी समाजाबरोबर एक कलाकृती केली, तीत त्या समाजातील तरुण कलावंतांची चित्रे होती आणि उत्पन्नात समाजाचा वाटा होता. हा पायंडा चांगला आहे. एखाद्या गावाच्या देवराईचे आवाज आणि चित्रे घेताना गावकऱ्यांची अनुमती आणि त्यांचे श्रेय यांना येथेही हेच स्थान मिळावयास हवे.

खर्चाची बाजूही विसरता येत नाही. अशा प्रणाली शिकविण्यास मोठे संगणक, अखंड वीज आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी पुष्कळदा पाणी लागते. निसर्गाचे गुणगान करणाऱ्या कलाकृतीने निसर्गाचा किती व्यय केला, याचा जमाखर्च आयोजकांनी फलकावर मांडला तर ते उचित होईल. संगणकशक्तीच्या बाबतीत पुणे मागे नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला आणि तिचा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचा 'परम सिद्धी' नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होता.

वारज्यासारख्या वनाची सामग्री जमविण्यास मात्र महासंगणक लागत नाही. परिसरातील शाळांनी वनातील दहा-बारा जागा निश्चित कराव्यात, प्रत्येक पंधरवड्यास त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे, पहाटे दहा मिनिटे आवाज मुद्रित करावा आणि झाडांची, पाखरांची स्थानिक नावे वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह वहीत उतरवावीत. वन कर्मचाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली हे सहज होण्याजोगे आहे. प्रारंभ मे महिन्यात, पहिल्या वळवापूर्वी करावा. टेकडीचा तो कोरडा रंग एकदा पाऊस पडला की पुढील उन्हाळ्यापर्यंत पुन्हा टिपता येत नाही.