दंड उतरले, कंबर तेवढीच

अगं, मिरजगावात चार बायकांनी "किती छान बारीक झालीस" म्हटलं म्हणून तू फोनवर किती खूश होतीस! मी मात्र तेव्हापासून काळजीत आहे. दिवाळीला आलीस तेव्हा मी बघत होते. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. ब्लाउजच्या बाह्या तू आत घेतल्या होत्यास, पण कंबरेची शिवण होती तिथंच. आणि जेवून उठताना एक हात जमिनीला, एक गुडघ्याला. वय काय तुझं, पन्नाशीसुद्धा नाही!

बाई गं, हे बारीक होणं नव्हे. तुझं मांस झडतंय आणि चरबी बसलीय जागेवर.

शुगर निघाल्यापासून तू जेवणच तोडलंस. दूध बंद, शेंगदाणे बंद, रात्री अर्धी भाकरी नि ठेचा. पण जेवणातून रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते आपले स्नायूच. ते आटले की साखरेला जायला जागा उरत नाही, ती रक्तातच फिरते. वर मधुमेहात इन्सुलिन नीट लागू पडत नाही, त्यामुळं असलेलं मांसही लवकर झिजतं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून पुन्हा पहिलं. मग तोल जातो, माणूस पडतं, हाड मोडतं, आणि एकदा अंथरूण धरलं की उरलेली ताकदही जाते.

आपल्या लोकांत हे आणखी जपायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, जेमतेम पावणेतीन किलोची. पण कमी होतं ते मुख्यतः मांस. चरबी त्या मानानं टिकून होती. 2004 साली त्यांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा फोटोच छापला. उंची-वजनाचं गणित दोघांचं अगदी सारखं, पण अंगातली चरबी मित्राची 9 टक्के आणि याज्ञिकांची 21! म्हणून म्हणते, नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नकोस.

आता एक कर. खुर्ची भिंतीला टेकव, हात छातीशी बांध आणि पाच वेळा पूर्ण उठून बस. मुलीला मोबाइलवर वेळ लावायला सांग. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना तसं सांग. हीच उठबस मग एक दिवसाआड व्यायाम म्हणून कर, आधी हाताचा आधार घेऊन, मग सोडून. पाण्याच्या भरल्या बाटल्या घेऊन हात वर-खाली कर. "मी शेतात राबते की" म्हणशील. राबतेस, मला ठाऊक आहे, पण दिवसभर बसून कांदा खुरपल्यानं मांडीत बळ येत नाही. संध्याकाळचं चालणंही चालू ठेव, ते साखरेला चांगलं. फक्त तेवढ्यावर भागत नाही. चप्पल-बूट घालूनच चाल. गोळीनं साखर एकदम उतरत असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको, आणि जड ओझं उचलण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घे.

खाण्याचं म्हणशील तर आपल्या कर्जत तालुक्यात काय कमी आहे? हुलग्याची शेंगोळी कर, मटकीला मोड आण, भाकरीबरोबर घट्ट वरण घे. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. तुझ्या पन्नास किलो वजनाला दिवसाला निदान चाळीस-पन्नास ग्रॅम तरी हवीत, आणि तीही तिन्ही जेवणांत वाटून. अर्धी भाकरी नि ठेच्यात ती कुठून येणार? पण त्याआधी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघून घे. किडनीवर ताण असेल तर किती खायचं ते डॉक्टरच ठरवतील.

आणि हे वजन तू कमी खाल्लंस म्हणून उतरलं, की खाऊनही उतरतंय? खाऊनही उतरत असेल तर थांबू नकोस, याच आठवड्यात दाखव. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे ना, मग बी-12 पण तपास. पायात मुंग्या येतात म्हणत होतीस. जाताना सासूबाईंना बरोबर ने. त्यांची शुगर तर तुझ्याहून जुनी, आणि परवा त्या न्हाणीत घसरल्याचं तू सहज बोलता बोलता सांगितलंस.