मेणाचा पॅटर्न वितळवून टाकणे परवडते कसे?

प्रश्न : आमच्याकडच्या फौंड्रीत वाळूच्या साच्यात ओतकाम होते. पॅटर्न एकदा केला की त्यावर हजारो साचे निघतात. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगमध्ये मात्र प्रत्येक नगासाठी मेणाचा नवा पॅटर्न करतात आणि तो वितळवून टाकतात. एवढा खटाटोप परवडतो कसा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पॅटर्न वितळतो म्हणूनच ही पद्धत परवडते. वाळूतून पॅटर्न अखंड बाहेर काढावा लागतो. त्यासाठी साचा दोन भागांत करायचा, पॅटर्नच्या बाजूंना उतार द्यायचा, आत वळलेल्या जागांसाठी कोअर बसवायचे, हे सगळे तुम्ही रोज पाहत असाल. मेण वाहून जाते, त्यामुळे त्याभोवतीचे सिरॅमिकचे कवच अखंड राहते आणि नगावर जोडाची रेघ उमटत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या डायमध्ये दाबाने मेण भरून नग काढतात आणि ते मेणाच्याच दांड्याला चिकटवून ‘झाड’ उभे करतात. हे झाड सिरॅमिकच्या स्लरीत बुडवायचे, वर रेती भुरभुरवायची, वाळवायचे. असे सहा ते नऊ थर देतात आणि सर्वांत जास्त वेळ या वाळवण्यातच जातो. नंतर ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने मेण काढतात, कवच सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजतात आणि ते तापलेले असतानाच धातू ओततात. गरम कवचात धातू लगेच गोठत नाही, म्हणून पातळ भिंतीही भरतात. पहिला थर अतिशय बारीक पिठाचा असल्याने नग गुळगुळीत निघतो. २५ मिलिमीटरच्या मापात फरक साधारण ०.१ मिलिमीटरचा. मशिनिंगला चिवट असणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या भागात वाचलेल्या मशिनिंगचा हा हिशेब फार मोठा ठरतो. स्टेनलेसचे कितीतरी पंप इम्पेलर म्हणूनच असे ओततात: बंद इम्पेलरच्या वळणदार पात्यांमध्ये हत्यार घालणार कुठून?

या पद्धतीची खरी ताकद मात्र जेट इंजिनाच्या टर्बाइन पात्यात दिसते. तिथल्या वायूचे तापमान पात्याच्या निकेल मिश्रधातूच्या वितळबिंदूपेक्षाही जास्त असते. पाते टिकते, कारण ते पोकळ असते आणि आतल्या नागमोडी वाटांमधून थंड करणारी हवा खेळत राहते. या वाटा कोणत्याही यंत्राने कोरता येत नाहीत. म्हणून आधी वाटांच्या आकाराचा सिरॅमिक कोअर करतात, त्याभोवती मेण भरतात आणि ओतकाम झाल्यावर कोअर कॉस्टिकच्या द्रावणात विरघळवतात. त्यापुढची करामत मला आजही थक्क करते. निर्वात भट्टीत कवच थंड तांब्याच्या तबकावर ठेवून अगदी सावकाश खाली ओढतात. तळाशी धातूचे अनेक कण वाढू लागतात. वर जाणाऱ्या नागमोडी नळीतून त्यातला एकच पुढे सरकतो आणि सबंध पाते एकाच स्फटिकाचे बनते. कणांच्या सीमाच उरत नाहीत, त्यामुळे प्रचंड उष्णतेत ताण सोसतानाही पाते हळूहळू लांबण्याचा वेग खूप कमी होतो. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी ६० पाती करून २०२१ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिली. हे तंत्र जगातल्या मोजक्याच देशांकडे आहे.

मूळ कल्पना आपल्याकडे फार जुनी. मोहेंजोदडोची ब्राँझची नर्तकी मेणाच्याच पॅटर्नवरून ओतलेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तर मेण तोलून धातू किती घ्यायचा याचे गणित दिले आहे: चांदी मेणाच्या बारापट, सोने सोळापट. आजची फौंड्रीही मेणाचे झाड तोलूनच पोलादाचा अंदाज घेते.

पण इंजिन ब्लॉकसारख्या अवजड नगाला किंवा साध्या ब्रॅकेटला हा खर्च कशाला? तिथे तुमची वाळूच बरी. नग लहान, आकार गुंतागुंतीचा, धातू चिवट आणि डायचा खर्च वसूल होईल एवढी मागणी असेल, तर दोन्हींचे दर मागवा. तुलना करताना ओतीव नगाची किंमत घेऊ नका. मशिनिंग संपून तयार झालेल्या नगाची घ्या.