चाकोरी

एकाच वाटेने बैलगाड्या वर्षानुवर्षे जात राहिल्या, की त्यांच्या चाकांनी जमिनीत दोन समांतर खाचा पडतात. या खाचांना मराठीत 'चाकोरी' म्हणतात. या शब्दात लपलेले 'चाक' तुमच्या लक्षात आलेच असेल. पुढे या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. रोज तेच ते करणाऱ्या माणसाचे जीवन 'चाकोरीबद्ध' आहे असे आपण म्हणतो आणि कोणी काही नवे केले, की त्याने 'चाकोरीबाहेरचे' काम केले म्हणून त्याचे कौतुक करतो.

या पाठात आपण खरोखरच चाकोरीबाहेर, म्हणजे रस्ता सोडून मोटार चालवणाऱ्यांची ओळख करून घेऊ. ही मंडळी दरवर्षी पाच-दहा गाड्यांचा गट करून निघतात. डांबरी सडक जेथे संपते, तेथे त्यांची सहल सुरू होते. कोणी राजस्थानात थरच्या वाळवंटात जातात, कोणी लडाखच्या उंच खिंडींकडे वळतात, तर कोणी पावसाळ्यात लोणावळ्याच्या आसपासच्या चिखलवाटांवरच समाधान मानतात. १९९९ मध्ये 'रेड द हिमालय' ही मोटारशर्यत सुरू झाली आणि हिमालयातील अवघड वाटांची कीर्ती देशभर पसरली. पण शर्यत वेगळी आणि सहल वेगळी. शर्यतीत घड्याळाशी झुंज असते. सहलीत घड्याळ नाही, बक्षीस नाही आणि पहिला नंबरही नाही.

असा प्रवास आपल्या भागाला नवा नाही. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे सुरतेहून गोवळकोंड्याला जाणाऱ्या जुन्या वाटेवर होते. सतराव्या शतकात टॅव्हर्नियर नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. वाटांवर भेटणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. उर्दूत ज्याला तुम्ही काफिला म्हणता, तोच हा तांडा. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत आणि त्यांच्या पाठीवर तांदूळ, धान्य, डाळ किंवा मीठ लादलेले असे. अरुंद जागी असा तांडा समोरून आला, तर प्रवाशांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. दहा हजार बैल ओळीने जाऊ लागले, की पहिल्याने शेवटच्याची वाट पाहावीच लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता माझाच एक अनुभव सांगतो. एकदा भर पावसाळ्यात आम्ही जीपने कन्नड तालुक्यातील एका शिवारातून चाललो होतो. आपल्याकडची काळी माती तुम्हांला ठाऊक आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी मऊ होते. समोर बैलगाडीची खोल चाकोरी होती आणि तिच्यात पाणी साचले होते. आमच्या चालकाला वाटले, पाण्यातून कशाला जायचे? त्याने गाडी बाजूच्या कोरड्या दिसणाऱ्या वावरात घातली. दहा पावलांवर चारही चाके रुतली. जितका जोर द्यावा, तितकी गाडी खाली बसत गेली. शेवटी तिचे पोट जमिनीला टेकले.

बांधावरून एक म्हातारे शेतकरी हे सारे पाहत होते. ते जवळ आले आणि म्हणाले, "सायब, चाकोरी कशाला सोडली? पानी वरवर दिसतं, पन खाली जमीन घट्ट हाय. बाहेर घातली की रुतली समजा."

त्यांनी बैलजोडी आणली, दोर बांधला आणि अर्ध्या तासात आम्हांला बाहेर काढले. पैसे काही केल्या घेतले नाहीत. चहा मात्र घेतला. रस्ता सोडून गाडी चालवण्याच्या विद्येतला पहिला धडा मला त्या बांधावर मिळाला. आधीच्या चाकांनी दाबलेली जमीन नव्या जमिनीपेक्षा बहुधा भरवशाची असते. बहुधा म्हणायचे कारण असे, की चाकोरी फार खोल असली तर गाडीचे पोट मधल्या उंचवट्यावर अडकते. तेव्हा खाली उतरून काठीने खोली मोजणे हाच शहाणपणा.

अशा वाटांसाठी वाहनही वेगळे लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी जीप तयार झाली. युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनल्या. भारतात तिचे सुटे भाग आणून जोडण्याचे काम स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या महिंद्र कंपनीने हाती घेतले. या कंपनीचे १९४५ मधील मूळ नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे बदलले. नावाची आद्याक्षरे तेवढी तीच राहिली!

साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती फक्त दोन चाकांना मिळते. त्यांतही एक खोड असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची एक पेटी त्यांच्यामध्ये बसवलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. सडकेवर ही पेटी फार उपयोगी पडते. चिखलात मात्र तीच दगा देते. एक चाक घसरू लागले, की तेच एकटे गरगरा फिरते आणि घट्ट जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. जीपमध्ये पुढच्या चाकांनाही शक्ती देण्याची सोय असते. त्यामुळे मागची चाके घसरली, तरी पुढची गाडीला ओढून नेतात. शिवाय वेग कमी आणि ओढ जास्त देणारा 'लो' गिअर असतो. जीपचे खरे बळ त्या गिअरमध्ये आहे.

वाळवंटाच्या कडेला पोहोचल्यावर ही मंडळी सर्वांत आधी काय करत असतील? टायरमधली हवा सोडतात! सडकेवर तीस-पस्तीस पौंड असलेली हवा वाळूत पंधरा-अठरा पौंडांवर आणतात. असे का, ते तुमच्या सायकलवरच करून पाहा. टायर टणक असताना मऊ वाळूवर ठसा किती रुंद उमटतो, ते मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. ठसा मोठा झालेला दिसेल. वजन तेच, पण ते जास्त जागेवर पसरले. म्हणून चाक कमी रुतते. उंटाचे पसरट पाऊल हेच काम करते.

वाळूची टेकडी चढताना गाडी सरळ न्यावी लागते. तिरकी नेली तर ती कलंडू शकते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची, तर पलीकडची एकदम तीव्र असते आणि ती चढणाऱ्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा बांधतात. पुढच्या गाडीचा झेंडा पलीकडे सुखरूप उतरल्याची खूण मिळाल्याशिवाय दुसरी गाडी चढत नाही. रुतलेली गाडी ओढताना दोराच्या जवळ कोणालाही उभे राहू देत नाहीत. ताणलेला दोर तुटला, तर तो चाबकासारखा उसळतो. त्यावर ओले पोते किंवा जाड घोंगडी टाकली, की त्याचा जोर कमी होतो. टोचन करणे दिसते सोपे, पण मोठे अपघात तेथेच होतात.

डोंगरातले शास्त्र निराळे. मनालीहून लेहला जाताना बर्फ वितळून आलेले ओढे वाट अडवतात. ऊन चढेल तसे बर्फ अधिक वितळते आणि सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारनंतर धोकादायक होते. म्हणून अनुभवी माणसे असे ओढे सकाळीच ओलांडतात. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. तेथे माणसालाही धाप लागते आणि इंजिनालाही. अशा वेळी एखादा दिवस जास्त मुक्काम करणे हा आळस नव्हे.

या सर्व नियमांत मला सर्वांत आवडलेला नियम आरशाचा आहे. ताफ्यातील प्रत्येक चालक पुढच्या गाडीपेक्षा मागच्या गाडीसाठी जबाबदार असतो. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली, की त्याने थांबायचे. तो थांबला, की त्याच्या पुढचा थांबतो. असे होत होत सगळा ताफा उभा राहतो. कोणाला हाक मारावी लागत नाही. पहिल्या गाडीत वाट जाणणारा माणूस असतो आणि शेवटच्या गाडीत दुरुस्ती जाणणारा. तरुण मुलांना पुढे राहायची हौस असते. पण शेवटच्या गाडीत जाणता माणूस नसेल, तर अनुभवी मंडळी निघायलाच तयार होत नाहीत.

हे सारे लोक चाकोरीबाहेर गेले खरे, पण गंमत अशी, की तेथे गेल्यावर ते स्वतःच एक चाकोरी पाळतात. सगळ्या गाड्या पहिल्या गाडीच्याच ठशांवरून जातात. यामागे केवळ सोय नाही. जैसलमेरजवळच्या राष्ट्रीय मरु उद्यानात माळढोक पक्षी राहतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथेही १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आता महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. साऱ्या देशात या पक्ष्यांची संख्या दोनशेच्याही आत आहे. त्याची मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. झाड नाही, घरटे नाही. गाडीत बसलेल्याला ते माळरान रिकामे दिसते! म्हणून उद्यानात किंवा अभयारण्यात वनखात्याने आखलेली वाट सोडायची नाही, हा कायदाच आहे. आपल्या जवळच्या गौताळा अभयारण्यातही तसेच. त्याबाहेरच्या मोकळ्या रानातही दहा गाड्यांनी दहा वाटा पाडण्यापेक्षा एकच वाट पडलेली बरी. काही हौशी लोक हे पाळत नाहीत आणि त्यांच्यामुळे सगळ्यांनाच बोल लागतो.

सहलीच्या शेवटी पुन्हा डांबरी सडक दिसते. घर तेथून हजार किलोमीटरांहूनही दूर असते, पण लगेच निघता येत नाही. सोडलेली हवा टायरमध्ये परत भरावी लागते, कारण कमी हवेचा टायर सडकेवर वेगात तापतो आणि फुटू शकतो. ताफ्यात पंप एक-दोनच असतात. गाडीमागून गाडी, चाकामागून चाक, हवा भरणे चालते. ज्यांच्या गाड्या तयार झाल्या, ते सडकेच्या कडेला चहाची किटली उघडून बसतात. शेवटच्या गाडीचे चौथे चाक भरून होईपर्यंत कोणी गाडी सुरू करत नाही.