लक्ष कोठे हरवले?

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. या धरणाच्या परिसरातील एका शाळेत मी शिक्षक होतो. तेथे 2001 साली घडलेली एक गोष्ट मी अद्याप विसरलो नाही.

पाचवीच्या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा होता. स्वभावाने गरीब, अक्षर मोत्यासारखे. परंतु कविता म्हणता म्हणता तो मध्येच थांबे. डोळे उघडे असत, दृष्टी मात्र एका जागी खिळलेली असे. आठ-दहा सेकंद लोटले की तो भानावर येई. पण कोणती ओळ चालली होती, हे त्याला ठाऊक नसे. मुले हसत. मी त्याला दरडावून बाकावर उभा करीत असे. आपला अपराध कोणता, हे त्या बिचाऱ्याला कळत नसे. आणि मलाही ते कळत नव्हते.

एके दिवशी त्याची आजी शाळेत आली. ती म्हणाली, “गुर्जी, ह्यो जेवतानी बी असाच थांबतो. हातातला घास हातातच ऱ्हातो. ह्ये काई सोंग न्हाई.”

त्या शब्दांनी मी चपापलो. त्याच आठवड्यात आम्ही मुलाला घेऊन नांदेडच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलाच्या हाती कागदाची भिंगरी दिली व तिच्यावर फुंकर घालीत राहण्यास सांगितले. भिंगरी गरगर फिरू लागली. दोन-तीन मिनिटांनी ती एकाएकी थांबली. मुलाची दृष्टी खिळली होती! दीर्घ श्वासोच्छ्वासाने हा झटका दिसून येतो, हे डॉक्टरांना माहीत होते. ते म्हणाले, “गुरुजी, हा अपस्माराचाच एक प्रकार आहे.”

अपस्मार म्हणजे आपण ज्याला मिरगी किंवा फेफरे म्हणतो, तो विकार. त्यात माणूस खाली पडतो, हातपाय झाडतो, एवढेच मला ठाऊक होते. परंतु क्षणभर भान हरपणे, हेही त्याचे एक रूप असते. मेंदूतील असंख्य पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी परस्परांशी बोलत असतात. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील या लहरींचा आलेख 1929 साली प्रसिद्ध केला. या मुलासारख्या झटक्यात त्या लहरी सेकंदाला सुमारे तीन या गतीने एकाच तालावर उसळतात, असे 1935 साली अमेरिकेतील बोस्टन येथील डॉक्टरांना आढळले. हा विकार बाहेरची बाधा नव्हे, की स्पर्शाने होणारा रोगही नव्हे.

औषध सुरू झाले आणि काही महिन्यांत झटके थांबले. आता याचे लक्ष लागेल, असे मला वाटले. परंतु गणितात तो हातचा विसरे, लांब वाक्य लिहिताना मधलाच शब्द गाळी. झटका तर नाही, मग हे का? या प्रश्नाचे उत्तर मला कित्येक वर्षांनी मिळाले.

ते समजण्यासाठी आपल्या कालव्याकडे पाहू. ज्या शेतात पिकाला दारे धरतात, तिकडे चारीचे पाणी वळते. मेंदूचेही तसेच आहे. त्याचा जो भाग कामाला लागतो, तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलले की त्याचा चुंबकीय गुणही किंचित बदलतो. एम. आर. आय. या यंत्रातील प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने हा बदल टिपता येतो. शरीरावर शस्त्र न चालविता मेंदूचे काम चित्ररूपाने दिसते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच झटक्यांचा विकार असलेल्या मुलांना या यंत्रात निजविले. पडद्यावर एकामागून एक अक्षरे येत. ठरावीक अक्षर दिसताच कळ दाबावयाची. त्यांचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. लक्ष देताना मेंदूच्या पुढील बाजूचा मधला भाग कामाला लागतो. या मुलांमध्ये, झटका आलेला नसतानाही, तो भाग निरोगी मुलांइतका कामाला लागत नव्हता. त्याचा दुसऱ्या एका भागाशी असलेला संबंधही दुबळा होता. म्हणजे मुले आळशी नव्हती. पाणी शेतापर्यंत पुरेसे पोचतच नव्हते. आणि मी मात्र पिकाला रागावत होतो!

त्या मुलाला मी पुढे पहिल्या बाकावर बसविले. प्रश्न दोनदा सांगे, फळ्यावर लिही, थोडा अधिक वेळ देई. तो उत्तम रीतीने सातवी उत्तीर्ण झाला.

मुलांनो, तुमचा सोबती असा वारंवार थबकत असेल तर हसू नका, शिक्षकांना सांगा. कोणाला मोठा झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा आणि मोठ्या माणसांना बोलवा. तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर दवाखान्यात नेलेच पाहिजे.

त्या मुलाचे लक्ष कोठे हरवते, हे मी वर्षभर विचारीत होतो. पण खरे लक्ष दिले, ते त्याच्या निरक्षर आजीने.

स्वाध्याय

1. डॉक्टरांनी मुलाला भिंगरी का दिली?
2. कालव्याचे पाणी आणि मेंदूतील रक्त यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे?
3. ‘मी मात्र पिकाला रागावत होतो’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.