परसातील कोंबड्या व शेजारची मांजरे

मुंबईच्या उपनगरांत इमारती कितीही उंच झाल्या, तरी मरोळ, आंबोली, वझिरा, गोराई अशा गावठाणांतून पहाटे कोंबडा आरवल्याचे अद्याप ऐकू येते. वाडवडिलांच्या कौलारू घरामागे थोडेसे परसदार उरले असेल, तर तेथे चारदोन कोंबड्या बाळगण्याची ईस्ट इंडियन व कोळी कुटुंबांची रीत अगदीच मोडलेली नाही. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी अशा कोंबड्या आहेत. आणि पिले निघू लागली की शेजारच्या मांजराविषयीची तक्रार वर्गापर्यंत येऊन पोहोचते. तक्रारीपाठोपाठ कोणी काठीची भाषा बोलतो, तर कोणी विषाची. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

मांजर सर्वच कोंबड्यांस सारखेच घातक नसते. पूर्ण वाढलेल्या गावठी कोंबडीचे वजन सुमारे एक ते दीड किलो भरते. तिला चोच आहे, पंखांचा फटकारा आहे, आणि ती कलकलाट करून सारी आळी जागी करते. तीनचार किलोंचे मांजर बहुधा तिच्या वाटेस जात नाही. त्याचा डोळा असतो तो पिलांवर व लहान तलंगांवर. पिलेवाली गावठी कोंबडी पिसे फुलवून मांजराच्या अंगावर धावून जाते, हे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु पांढऱ्या लेगहॉर्न जातीत खुडूक बसण्याची वृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि यंत्रात उबविलेल्या पिलांना तर आईच नसते. अशा पोरक्या पिलांचे रक्षण सर्वस्वी पाळणाऱ्याकडे येते.

आता दुसरा प्रश्न: पिलू नेले ते मांजरानेच कशावरून? उपनगरांत घूस, मुंगूस, कावळा व घार हेही पिलांचे वैरी आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी अकरा पिलांची सात उरली, तेव्हा दोन शेजाऱ्यांतील बोलणे बंद होण्याची वेळ आली होती; कारण मांजर शेजारणीचे, तिच्या लहान मुलीच्या लाडाचे. त्या मुलाने रात्री खुराड्याभोवती चाळलेली राख पसरून ठेवली. मांजर चालताना नखे आत ओढून घेते, त्यामुळे त्याचा ठसा वाटोळा व बिननखांचा उमटतो. घुशीच्या व मुंगसाच्या ठशांत नखांच्या खुणा दिसतात. सकाळी खुराड्याच्या मागील बाजूस नखांचे ठसे व ताजी उकरलेली माती आढळली. मांजराचेही ठसे होते, पण ते दारापर्यंत येऊन परत फिरलेले. मांजर अगदी निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. दार उघडे असते तर त्याने काय केले असते, हे सांगावयास नको.

बोरिवली व मुलुंड येथील मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्या उंबरठ्याशी आहे. तेथे रानमांजर आहे, आणि वाघाटी नावाचे, जगातील अत्यंत लहान मार्जारांपैकी एक, तेही आहे. त्याचे वजन दीड किलोच्या आसपास असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. रात्री दिसलेले प्रत्येक मांजर कोणाचे तरी पाळीवच असते असे नाही.

तेव्हा खरा उपाय खुराड्यातच आहे. कोंबडीस अंधारात जवळजवळ दिसत नाही. ती जागच्या जागी बसून राहते आणि सहज सापडते. याउलट मांजर नेमके तिन्हीसांजेस व पहाटे शिकारीस निघते. म्हणून दिवेलागणीपूर्वी पिले आत गेलीच पाहिजेत व मोजली गेली पाहिजेत. नुसते डालगे पालथे घालून भागत नाही. मांजर ते कलंडवते. षट्कोनी तारेची जाळी कोंबडीस आत ठेवते, मांजराचा पंजा बाहेर ठेवीत नाही. पिलू जाळीला टेकून झोपले की त्याचा पाय बाहेर ओढला जातो. त्याऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डमेशची जाळी घ्यावी, निदान खालचे दोन फूट तरी. ती फूटभर जमिनीत पुरावी, म्हणजे घुशीचाही बंदोबस्त होतो. वरची बाजू झाकावी, कारण पाचसहा फुटांची भिंत मांजरास भिंतच वाटत नाही. दारास खुंटी नको. घट्ट बसणारी कडी हवी.

मांजरास विष घालण्याचा विचार मनातही आणू नये. ते विष कुत्रा, घार, कावळा यांच्याही पोटात जाते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये प्राण्यास विष घालून मारणे हा गुन्हा आहे. आणि एवढे करून लाभ कोणता? एक मांजर गेले की त्या जागी दुसरे येते, कारण अन्न तेथेच असते. मासळी साफ करून तिची आतडी परसात टाकणारे घर मांजरांस रोजचे आमंत्रण देत असते. ती घाण झाकणाच्या डब्यात गेली तर निम्मी वर्दळ आपोआप कमी होईल. शेजारच्या मांजराची नसबंदी करून घेण्यास शेजाऱ्यास मदत करावी; परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयासारख्या ठिकाणी प्राण्यांवर उपचार होतात. आणि मांजर आहे म्हणून आपल्या धान्याच्या डब्याभोवती उंदीर कमी आहेत, हेही विसरू नये.

गोराई व वर्सोवा येथे खाऱ्या वाऱ्याने तार लवकर गंजते. तेथील मुलांनी मे महिन्याच्या सुटीत, पाऊस लागण्यापूर्वी, जाळीच्या खालच्या कडा बोटाने दाबून पाहाव्यात. जेथे तार मोडते तेथे त्याच दिवशी नवा तुकडा बांधावा.