नेट बंद पडलं, तर आधी दिवे बघा

आमच्या इमारतीत कुणाच्या संगणकावर नेट चालेनासं झालं की मला हाक येते. अनेक वर्षांच्या या धावपळीतून माझं एक मत पक्कं झालंय: बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी दुरुस्तीला हात घालू नये.

१. आधी दुसरं यंत्र बघा. मोबाइल त्याच वाय-फायला जोडा, पण त्याचा मोबाइल डेटा बंद करून. तो चालू राहिला तर फोन गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि वाय-फाय ठीक असल्याचा गैरसमज होतो. मोबाइलवर चाललं तर दोष संगणकात. नाही चाललं तर संगणकाला हात लावू नका.

२. दिवे वाचायला शिका. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर कंपनीकडून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. डब्यात येणारी फायबरची तार काचेची असते. कपाट सरकवताना ती भिंतीशी चेंगरते, उंदीर कुरतडतात, फार वाकली तर प्रकाश वाटेतच बाहेर निसटतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे सोफ्याच्या पायाखाली ती अशीच दबली होती. सोफा उचलून तार मोकळी केली आणि दिवा हिरवा झाला. मात्र उपसलेल्या तारेच्या टोकात डोकावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना घातक असतो.

३. बंद करून पुन्हा चालू करणं हा उपाय खराच आहे, पण क्रमाने करा. सगळं बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, शेवटी संगणक. टाचणीने दाबायचं ‘रीसेट’चं बारीक भोक वेगळं, तिथे जाऊ नका. त्याने राउटरमधली सगळी माहिती पुसली जाते. तुमच्या जोडणीला युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तोही जातो.

४. लॅन केबल लावून बघा. केबलने नेट येतं आणि वाय-फायने येत नाही, म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे. केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा खटका तुटलेला असेल तर ती सैल बसते, तेही तपासा.

५. संगणकाचा पत्ता बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की आयपी पत्ता दिसतो. घरी तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ दिसला तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, संगणकाने आपणच एक घेतलाय. मग राउटर आणि केबल पुन्हा बघायची. पत्ता ठीक असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा. तिथून उत्तर येतं, पण एकही साइट उघडत नाही, असं झालं तर दोष बहुतेक वेळा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून हेच ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घातलं की काम होतं. पहिली सेवा गुगलची, २००९ पासूनची. दुसरी क्लाउडफ्लेअरची, २०१८ पासूनची. दोन्ही फुकट आहेत.

६. तारीख बघा. शेजारच्या आजोबांच्या जुन्या संगणकावर एकही बँक उघडेना, सगळीकडे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा. कोपऱ्यातलं घड्याळ कित्येक वर्षं मागचं साल दाखवत होतं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि तारीख चुकली की संगणक ते नाकारतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदलला, तारीख लावली, पेन्शनचं खातं उघडलं.

७. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. चार सेटिंगं एकदम फिरवली की कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

८. तक्रारीचा नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. नेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’च्या नंबरांत भामट्यांचेही नंबर असतात. ते आधी स्क्रीन बघू देणारं ॲप टाकायला लावतात, मग बँकेचं खातं रिकामं करतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आजच सांगा. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.